कोंबड्या डालणाऱ्या बायका

१९०७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठात एच. बी. डेव्हिस या संशोधकाने रॅकूनची परीक्षा घेतली. त्याने तेरा तऱ्हांच्या कड्या, खटके आणि अडसर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांतले अकरा त्यांनी दहा प्रयत्नांच्या आत उघडले. मांडणी फिरवली, उलटी केली, तरी त्यांचं काही अडलं नाही. मी राहते त्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात परसात कोंबड्या पाळायला निघालेल्या प्रत्येकाला ही हकीकत आधी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी इथली कितीतरी नवी खुराडी एका साध्या आकड्याच्या कडीवर विसंबून असतात.

आमच्या गल्लीतल्या एका घरी घडलेलं मी सकाळी जाऊन पाहिलं. कडी शाबूत होती, जाळी शाबूत होती. आत तांबडी कोंबडी पडलेली, डोकं नाही. रात्री ती जाळीला टेकून झोपली असणार. कोंबडीला अंधारात धड दिसत नाही; बसली की उजाडेपर्यंत जागची हलत नाही. रॅकूनचं उलट आहे. तो बघण्यापेक्षा चाचपून शोधतो, त्याच्या मेंदूतल्या संवेदनेच्या भागाचा मोठा हिस्सा पुढच्या पंज्यांच्या स्पर्शासाठीच राखलेला असतो. त्याने षटकोनी भोकांतून बोटं आत घातली आणि हाताला लागलं ते ओढून घेतलं. तारेला पिसं चिकटली होती आणि खाली ओल्या मातीत लहान मुलाच्या तळव्यासारखे पाच बोटांचे ठसे. घरातली धाकटी मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, दार बंद होतं तर आत कोण आलं? आत कोणी आलंच नव्हतं.

ही षटकोनी जाळी मुळात इंग्लंडची. १८४४ साली नॉरिचच्या चार्ल्स बर्नार्ड या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने ती विणायचं यंत्र बनवलं. नॉरिच हे कापडाचं गाव, आणि बर्नार्डने यंत्र उभं केलं ते कापडाच्या मागाच्या धर्तीवर. जाळी हलकी, गुंडाळून नेता येणारी. कोंबडी बाहेर जाऊ नये एवढ्यापुरती ती उत्तम आहे. बाहेरच्याला थोपवायचं काम तिच्याकडे नव्हतं. ते माणसाकडे होतं, आणि बहुतेक घरांत बाईकडे. कोंबडीपालनाच्या इतिहासात जाळ्या, जाती, प्रदर्शनं, बाजारभाव असं सगळं सापडतं. तिन्हीसांजेला परसात उतरून कोंबड्या मोजणारी मात्र सापडत नाही, आणि याची मला फार खंत वाटते.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी हे काम आईचं. दिवेलागणीच्या आधी ती कोंबड्या डालायची. पिलंवाली डालग्याखाली, डालग्यावर दगड. बाकीच्या खुराड्यात, दाराला फळी आणि फळीला फुटक्या जात्याची तळी टेकवलेली. मुंगूस दिवसाढवळ्या येतो, उदमांजर रात्री, घार पिलांवर टपलेली असते. प्रत्येकाची वेळ तिला ठाऊक होती. एखादी गावठी तलंग डोळा चुकवून आंब्यावर चढलीच, तर आई काठीने फांदी हलवून तिला उतरवी. उतरलीच नाही तर तिथेच राहू देई, कारण उंच फांदीवरची कोंबडी बऱ्याच जणांच्या आवाक्याबाहेर असते.

अमेरिकेत फांदीची ही सोय गेली ती एका वेडापायी. नोव्हेंबर १८४९मध्ये बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये या देशातलं पहिलं मोठं कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. डॉक्टर जॉन बेनेट यांनी ते भरवलं होतं. हजाराहून जास्त पक्षी आले आणि ते बघायला शहर लोटलं. चीनच्या बंदरांतून आलेल्या, पायांवर पिसं असलेल्या अवाढव्य कोंबड्यांनी लोकांना वेड लावलं. कोचीन, ब्रह्मा अशी त्यांची नावं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने १८५२मध्ये असे पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले आणि त्या जाहिरातीवर आपला माल चढ्या भावाने खपवला. १८५५ साली त्यानेच या वेडाचा इतिहास लिहून छापला. त्यात भाव आहेत, फसवाफसवी आहे, पैसेवाले हौशी लोक आहेत. पण या जड कोंबड्यांना नीट उडता येत नव्हतं. झाडावर बसणारा पक्षी जमिनीवर आला, म्हणजे त्याची रात्र सर्वस्वी दार लावणाऱ्या माणसाच्या हाती आली.

पुढच्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक शेतांवर कोंबड्या असायच्या. अंड्यांचे पैसे घरच्या बाईचे. त्यातून साखर, कॉफी, कापड, पोरांचे जोडे यायचे. या पैशांवर किती घरं तगली असतील! म्हणून रात्री परसात आवाज झाला की कंदील घेऊन बाहेर पडायची तीच.

हे काम संपायला सुरुवात झाली तीही एका बाईच्या परसातून. १९२३ साली डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावात सिसिल स्टील यांनी अंड्यांसाठी पन्नास पिलं मागवली, आली पाचशे. त्यांनी ती परत धाडली नाहीत. शेडमध्ये वाढवली आणि मांसासाठी विकली. तीन वर्षांत त्यांच्याकडे दहा हजार पक्ष्यांची शेड होती. त्याच सुमारास ड जीवनसत्त्वाचा शोध लागला होता. खाद्यात कॉड माशाचं तेल मिसळलं की ऊन न लागताही पिलांची हाडं वाकत नाहीत, हे कळलं. उन्हाची गरज संपली तशी परसाचीही संपली. कोंबड्या बंद शेडमध्ये गेल्या. घारी, कोल्हे, मिंक यांच्या वेळा पाठ असलेल्या बायका म्हाताऱ्या झाल्या, आणि त्यांना त्या वेळा विचारणारं कोणी उरलं नाही.

राखणीचं ज्ञान नसलं की माणूस बंदुकीकडे वळतो. पेनसिल्व्हेनियात १९२९ साली गॉसहॉक मारणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस होतं. कोंबडीचोर म्हणून सगळ्याच शिकारी पक्ष्यांवर गोळ्या झाडल्या जात. तिथल्या एका डोंगराच्या धारेवरून शरद ऋतूत हजारो ससाणे, गरुड दक्षिणेला जातात. लोक धारेवर बसून त्यांना मजेखातर पाडत. १९३४मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला आणि तिथे राखणदार बसवला. तोच आजचा हॉक माउंटन. तिथे मेलेले पक्षी कोणाच्याही कोंबड्या न्यायला निघाले नव्हते, ते फक्त आपल्या वाटेने चालले होते. १९७२पासून शिकारी पक्ष्यांना देशभर कायद्याचं संरक्षण आहे. मला ते योग्यच वाटतं. ससाण्यासाठी वर जाळं ताणता येतं.

रॅकूनची गोष्ट वेगळी. १९४०च्या दशकापासून त्यांची संख्या भराभर वाढली. गटारं, माळे, कचऱ्याचे डबे असं सगळं शहर त्यांना मानवलं. म्हणजे माणसं राखण विसरत होती, त्याच वर्षांत रॅकून शहर शिकत होता. मग २००४ साली मॅडिसनने परसात कोंबड्या पाळायला रीतसर परवानगी दिली. सुरुवातीला चार कोंबड्या, कोंबडा नाही, परसात कापायची नाही. त्याआधी काही लोक चोरून पाळत होतेच. शहरात कोंबड्या परतल्या याचा मला आनंद आहे. पण त्या परतल्या त्या अशा घरांत, जिथे त्यांची रात्र कोणी पाहिलेली नव्हती.

आता उजेडावर चालणारी स्वयंचलित दारं मिळतात. अंधार पडला की झडप खाली येते. चांगली सोय आहे, कामावरून उशिरा येणाऱ्यांना तिचा फार आधार आहे. पण चौथी कोंबडी आत आहे की झुडपाखाली बसली आहे, हे दार पाहत नाही.

आमच्या पलीकडच्या घरी राहणाऱ्या आजी विस्कॉन्सिनमधल्याच एका दुधाच्या शेतावर वाढल्या. शाळेतून आल्यावर कोंबड्या कोंडायचं काम त्यांचं होतं. त्या सांगतात ते मी वहीत मराठीत उतरवून घेते, आईचं राहून गेलेलं शेजारच्या पानावर लिहिते. आजी म्हणतात, दाराला पाव इंचाची फट राहिली तरी वीझलसारखा चिमुकला शिकारी नख घालून बघतो, म्हणून फळी रोज हाताने दाबून पाहायची. कडीला स्प्रिंगचा हूक लावायचा, दोन उलट्या हालचाली केल्याशिवाय सुटणार नाही असा. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जाड तारेची, आणि खाली फूटभर बाहेरच्या अंगाला पसरून मातीत पुरलेली. बसायची दांडी जाळीपासून हातभर लांब. उरलेलं खाद्य रात्री बाहेर ठेवायचं नाही. ढगाळ संध्याकाळी अर्धा तास आधी कोंडायचं. आणि मोजताना नुसती संख्या मोजायची नाही, एकेकीला ओळखून मोजायची, कारण कोण आली नाही हे कळलं तरच तिला कुठे शोधायचं ते कळतं.