रविवार कोणाचा?

'स्वतःसाठी वेळ काढा' हा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. नोकरी, संसार, मुलांचे शिक्षण आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे सांभाळून दिवसाचा थोडा भाग स्वतःच्या देहामनासाठी राखावा, असे सांगणारे सांगतात. आणि तो राखता आला नाही तर दोष आपल्याच नियोजनाचा, असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. या उपदेशाच्या बऱ्यावाईटाची चर्चा आम्हांला येथे करायची नाही. मात्र आपल्याकडे विश्रांतीचा वेळ माणसाला कसा मिळाला हे पाहिले, तर तो कोणा एकट्याने 'काढला' नव्हता, तो अनेकांनी मिळून मागून घेतला होता, असे दिसते.

१८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्या केवळ बालकामगारांना. प्रौढांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. रविवारी मुंबईच्या गिरणीचे चाक थांबले, तरी यंत्रांच्या सफाईसाठी कामगाराला जावे लागे. सप्टेंबर १८८४मध्ये सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा हवा, असा युक्तिवादही लोखंड्यांनी केल्याचे सांगितले जाते. विश्रांती ही साहेबाकडून उसनी आणलेली चैन नसून इथल्या माणसाच्या जगण्याचाच भाग आहे, हे त्यामागचे म्हणणे असावे.

या मागणीला यश यायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला मान्यता दिली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणून त्यात दीड तासाची विश्रांती सक्तीची केली. येथे एक गोष्ट नजरेआड होते. हे अकरा तास गिरणीच्या दरवाजाच्या आतले होते. भोंग्याआधी पेटणारी चूल आणि भोंग्यानंतरची भांडीधुणी कोणत्याही कमिशनने मोजली नाहीत.

हा सारा इतिहास मुंबईचा. आम्ही लिहितो आहोत ते जालन्यातून, आणि त्या काळी जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे चालत नव्हता. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या कारखाने कायद्यातील आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व एक सुट्टी ही व्यवस्था पुढे येथवर आली. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि गाव बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. पुढे एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनवणारे कारखाने आले. भट्टीच्या कामात सर्वांची सुट्टी एका दिवशी येत नाही, ती आळीपाळीने येते. नवऱ्याची सुट्टी मंगळवारी आणि मुलांची रविवारी, अशा घरात सर्वांनी मिळून बसण्याचा वार कोणता? आमच्या वर्गांतही रात्रपाळी संपवून सकाळच्या तासाला बसणारी मुले असतात. त्यांना 'पुरेशी झोप घ्या' असे सांगताना आमचाच आवाज खाली येतो.

'जालना, सोने का पालना' अशी या गावाची जुनी ओळख. खऱ्या पाळण्याचा इतिहास मात्र कायद्यात शोधावा लागतो. ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर हवे, असे १९४८चा कायदा सांगत होता. ती संख्या पन्नास होती, १९७६मध्ये तीस झाली. जेथे स्त्रिया मोजक्याच, तेथे ही तरतूद लागूच होत नसे. त्याआधी जुलै १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी आईची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याचे मांडले होते, आणि १९२९मध्ये तो कायदा झाला. विश्रांतीची किंमत थकलेल्या बाईने एकटीने मोजू नये, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८च्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. सहा दिवसांनंतर एक सुट्टी हा नियम मात्र टिकून आहे. घरात असा नियम कधी आलाच नाही. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, पुरुष ८८ मिनिटे. आमच्यासारख्या पगारदार घरांतही आठवडाभराची धुणी, साफसफाई आणि 'आज काहीतरी चांगले कर' ही फर्माईश रविवारावरच येऊन पडते. १८८४च्या कामगाराचा रविवार जसा यंत्र पुसण्यात जात होता, तसाच हा जातो.

लोखंड्यांच्या कामगारांना अर्ज द्यायला मालक समोर होता. घरात मालक कोण, हा प्रश्न अवघड आहे आणि प्रेमाच्या माणसांपुढे अर्ज करणे त्याहून अवघड. म्हणूनच तो अर्ज येण्याची वाट न पाहता ज्याच्या वाट्याला सुट्टी आली आहे त्याने तिचा हिशेब मांडावा, असे आम्हांला वाटते. त्या दिवशी घरात चहा कोणी केला, आजाऱ्याची औषधे कोणी दिली, दुपारी कोण आडवे झाले आणि कोण उभेच राहिले, एवढे जरी कागदावर उतरले, तरी पुढच्या रविवारची वाटणी कोठून सुरू करायची ते कळेल.