पहिली पाल कोणती पाळावी? एका साध्या प्रश्नाचा दीर्घ इतिहास

१/ पाल किंवा सरडा पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येक नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरुवात कोणापासून करावी? उत्तरही आता जगभर ठरून गेले आहे : लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन किंवा क्रेस्टेड गेको. कारण एकच सांगितले जाते, ‘सांभाळायला सोपे’. हे सोपेपण कुठून आले, कोणी घडवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा थ्रेड.

२/ आधी शब्दांविषयी. इंग्रजी ‘लिझर्ड’ला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. घरातल्या भिंतीवर पाल, कुंपणावर सरडा, पाचोळ्यात सापसुरळी आणि कड्याकपारीत घोरपड. आपल्या भाषेने या प्राण्यांना त्यांच्या राहण्याच्या जागेसकट ओळखले. पाळणाऱ्यांच्या इतिहासात नेमकी हीच ओळख दीर्घकाळ हरवलेली दिसते.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सर्कशींत आणि जत्रांत एक हिरवा लहानसा प्राणी ‘कॅमेलिअन’ म्हणून विकला जाई. गळ्यात बारीक साखळी किंवा दोरा आणि दुसरे टोक टाचणीने कपड्याला लावलेले. तो खरा कॅमेलिअन नव्हताच. ती अमेरिकेच्या आग्नेय भागातील ग्रीन अॅनोल होती. हा प्राणी जिवंत कीटक खातो आणि बहुधा पानांवरचे पाण्याचे थेंब चाटून तहान भागवतो. कोटाच्या छातीवर ना कीटक, ना पाने. असे किती जीव गेले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

४/ दुसरी अडचण डोळ्यांना दिसणारी नव्हती. बंदिस्त प्राण्यांची हाडे मऊ पडत, वाकत. १८८९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सिंहाचे बछडे मुडदुसाने मरू लागले, तेव्हा जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्याने त्यांच्या आहारात हाडांचा चुरा, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घालायला सांगितले. बछडे बरे झाले. पुढे १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी दाखवून दिले की, अतिनील किरणांनी मुलांचा मुडदूस बरा होतो. हाडांचे आरोग्य अन्नाइतकेच प्रकाशावरही अवलंबून असते, हे हळूहळू स्पष्ट होत गेले.

५/ हे ज्ञान सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरापर्यंत पोहोचवणाऱ्यांत एक नाव अग्रभागी आहे : जोन बोचम्प प्रॉक्टर (१८९७–१९३१). प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्यांचे केंब्रिजला जाणे राहून गेले. मात्र लहानपणापासून सरडे पाळलेल्या या मुलीला ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज बुलंजर यांच्या हाताखाली काम मिळाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील सरपटणाऱ्या प्राण्यांवर १८९० मध्ये ग्रंथ लिहिणारे बुलंजर ते हेच. १९२३ मध्ये प्रॉक्टर लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरीसृप विभागाच्या अभिरक्षक झाल्या.

६/ १९२७ मध्ये त्यांच्या कल्पनेतून नवे सरीसृपगृह उभे राहिले. संपूर्ण इमारत सरसकट तापवण्याऐवजी प्रत्येक कक्षात उष्ण आणि थंड अशा वेगवेगळ्या जागा ठेवायच्या, म्हणजे प्राणी स्वतःच आपली जागा निवडेल, हे त्यामागचे सूत्र. सरडा शरीराचे तापमान आतून राखत नाही; तो ऊन आणि सावली यांत ये-जा करून ते जुळवतो. आज नवशिक्याला काचपेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड ठेवायला सांगितले जाते, त्या सल्ल्यामागे हेच तत्त्व आहे. वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी प्रॉक्टर गेल्या.

७/ आता लेपर्ड गेकोकडे वळू. तिची शास्त्रीय नोंद थेट आपल्या उपखंडातली आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून आलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. तो प्रदेश आज पाकिस्तानात आहे. तिची जवळची नातलग जाती महाराष्ट्रासह पश्चिम भारतात आढळते, आणि सातपुड्यातील आणखी एका नातलग जातीचे वर्णन तर २०१४ मध्ये झाले.

८/ ही पाल ‘सोपी’ का ठरली? तिच्या पायांना चिकट गाद्या नाहीत, म्हणून ती काचेवर चढून निसटत नाही. ती निशाचर असल्याने प्रखर दिव्यांवाचून, आहारातील ड जीवनसत्त्वाच्या पुरवणीवर तिला वाढवता आले. शेपटीत चरबी साठत असल्याने थोडीफार आबाळ ती सोसते. शेवटचे कारण नीट वाचा : मालकाची चूक ती बराच काळ निमूटपणे सहन करते, हाही तिच्या लोकप्रियतेचा एक पाया आहे.

९/ याउलट हिरव्या इग्वानाचे झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून तिची पिल्ले अमेरिकेत वर्षाला लाखोंनी आयात होत. पिल्लू तळहातावर मावे, किंमत नगण्य. पण हेच पिल्लू पुढे दीड मीटरहून लांब होते, त्याला पालेभाज्यांचा काटेकोर आहार, अतिनील प्रकाश आणि खोलीएवढी जागा लागते. कित्येक अकाली मेली, कित्येकांना बाहेर सोडून देण्यात आले. फ्लोरिडात आज ती उपद्रवी प्रजाती आहे. जानेवारी २०२० मध्ये थंडीने बधिर झालेल्या इग्वाना झाडांवरून पडतील, असा इशारा तेथील हवामान खात्याला द्यावा लागला.

१०/ बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या सुमारासच आपल्या वन्यजीवांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी आणली होती. तरीही आज युरोप-अमेरिकेतील घराघरांत हा प्राणी दिसतो. बंदीच्या काळात जे थोडे प्राणी बाहेर पोहोचले, त्यांच्यापासून पैदास होत गेली. १९९० च्या दशकात अतिनील दिवे बाजारात सहज मिळू लागले आणि दिवसा वावरणारा हा प्राणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

११/ क्रेस्टेड गेकोची कथा आणखी निराळी. न्यू कॅलेडोनिया बेटावरील या पालीचे वर्णन १८६६ मध्ये झाले, पुढे ती नामशेष झाली असे मानले गेले. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली आणि एका पिढीच्या आत पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पोहोचली. तिला न्यू कॅलेडोनियासारखेच माफक तापमान मानवते, म्हणून अनेक घरांत वेगळ्या उष्णतेची फारशी गरज पडत नाही.

१२/ पैदास सोपी झाली, तसा रंगांचा बाजार वाढला. लेपर्ड गेकोचा ‘लेमन फ्रॉस्ट’ हा मोहक रंगप्रकार असाच निघाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले की, ज्या जनुकाशी हा रंग निगडित आहे, त्याचाच संबंध त्या पालींना होणाऱ्या त्वचेच्या अर्बुदांशीही आहे. ‘एनिग्मा’ या दुसऱ्या प्रकारात तोल जाणे, गोल गोल फिरणे असे मज्जासंस्थेचे दोष दिसतात. आपल्या नजरेला जे सौंदर्य वाटते, ते त्या जिवाला रोग म्हणून भोगावे लागते.

१३/ आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. जिच्या नावाशी घोरपडे हे आडनाव आणि सिंहगडाची दंतकथा जोडली गेली, ती घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे हा गंभीर गुन्हा आहे. इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय करारांत समाविष्ट असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. रानातली कोणतीही पाल उचलून घरी आणू नये, आणि विकत घेण्यापूर्वी कायदेशीर स्थिती तपासावी.

१४/ तेव्हा ‘पहिली पाल कोणती?’ याचे उत्तर देण्याआधी इतिहासाने शिकवलेले चार प्रश्न स्वतःला विचारावेत. हा जीव बंदिवासात जन्मलेला आहे की रानातून ओरबाडलेला? पूर्ण वाढल्यावर तो केवढा होईल? त्याला लागणारे ऊन, अंधार, उष्णता आणि जिवंत खाद्य मी रोज पुरवू शकेन का? आणि लेपर्ड गेको १५-२० वर्षे जगू शकते, हे ध्यानात घेता, शिक्षण, नोकरी, शहर बदलले तरी तिची जबाबदारी कोण घेईल?

१५/ यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर घरातल्या ट्यूबलाइटजवळ किडे टिपणारी पाल आहेच. तिला काचपेटी नको, दिवा नको, नोंदणी नको. वही घेऊन महिनाभर रोज तिचे निरीक्षण करा. पाळण्याआधी पाहायला शिकणे, हीच कदाचित उत्तम सुरुवात ठरेल.