अल्ब्युमिनची गळती आणि रक्तातील मेद: एका कारणाचा शोध

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंगावरची सूज, तापवताच गोठणारी लघवी आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. लघवीत गोठणारा तो पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन, अर्थात यकृतात तयार होणारे आणि रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे प्रथिन. ते लघवीवाटे गेले की रक्तात उणे पडते, हे ब्राइट यांचे सहकारी जॉन बॉस्टॉक यांच्या रासायनिक परीक्षणांतून दिसत होते. अशा काही रोग्यांचे रक्तद्रव, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा द्रव, दुधासारखे गढूळ असते ही नोंदही त्याच शतकातली; परंतु ती बराच काळ केवळ एक चमत्कारिक लक्षण म्हणून पडून राहिली.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एप्स्टाइन यांनी १९१७ मध्ये घटलेली प्रथिने आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा एकत्र विचार केला, मात्र रोगाचे मूळ मूत्रपिंडात नसून चयापचयात आहे असे मानून त्यांनी प्रथिनयुक्त आहार व थायरॉइडचा अर्क सुचवला. निष्कर्ष टिकला नाही. प्रश्न मात्र नेमका होता.

त्याची कसोटी घेण्यासाठी शुद्ध अल्ब्युमिन हाती असणे आवश्यक होते, आणि ते दुसऱ्या महायुद्धामुळे मिळाले: जखमी सैनिकांसाठी हार्वर्डच्या एडविन कोन यांनी रक्तद्रवातील प्रथिने वेगळी काढण्याची रीत बसवली होती. पुढे १९५६ मध्ये रोझेनमन, फ्रीडमन आणि बायर्स यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अल्ब्युमिनची उणीव हेच मेद वाढण्याचे कारण असल्याचे मांडले. डेक्स्ट्रानसारखा, प्रथिन नसलेला परंतु रक्तात पाणी धरून ठेवणारा पदार्थ दिल्यावरही मेद उतरतो असे दिसल्यावर, रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारा दाब घटताच यकृत अल्ब्युमिनबरोबर मेदवाहक प्रथिनांचेही उत्पादन वाढवते, हे स्पष्टीकरण रूढ झाले. ते सुटसुटीत होते, आणि कदाचित म्हणूनच गरजेपेक्षा अधिक काळ पुरेसे वाटले.

१९८७ मध्ये जॉर्ज केसेन आणि सहकाऱ्यांना रोग्यांमध्ये वाढलेल्या मेदाचा मेळ यकृतातील अल्ब्युमिननिर्मितीच्या वेगाशी नव्हे, तर मूत्रपिंडातून होणाऱ्या गळतीशी बसलेला आढळला, आणि लक्ष मेदाच्या निर्मितीवरून त्याच्या निचऱ्याकडे वळले. सुटी मेदाम्ले रक्तात अल्ब्युमिनला चिकटून वाहतात. अल्ब्युमिन घटले की त्याच्या प्रत्येक रेणूवरचा हा भार वाढतो. या भाराला प्रतिसाद म्हणून हृदय व स्नायूंसारख्या ऊतींतून एएनजीपीटीएल४ हे प्रथिन अधिक स्रवते आणि ट्रायग्लिसराइड हा मेद फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराला रोखते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. कोलेस्टेरॉलची वाढ मात्र एवढ्याने उलगडत नाही. तेथे रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण उचलणारे यकृतपेशींवरील ग्राहक कमी होणे, आणि त्या ग्राहकांचा नाश घडवणारे पीसीएसके९ हे प्रथिन वाढणे, या वेगळ्या दुव्यांचा विचार करावा लागतो.