संगमनेरचा एक तमाशा फड : अज्ञातातून कीर्तीकडे

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा आधुनिक इतिहास लिहिताना अभ्यासकांची लेखणी बहुधा ठरावीक विषयांभोवती फिरते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, भुईकोट किल्ल्यातील १९४२ चे राजबंदी आणि नेवाशाची ज्ञानेश्वरी यांवर विपुल लेखन झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु याच जिल्ह्यातील संगमनेर येथे एका तमाशा फडाने आपले बिऱ्हाड थाटले, शून्यातून उभारी धरली आणि महाराष्ट्रभर नाव मिळविले, या घटनेची दखल जिल्ह्याच्या इतिहासात फारशी घेतली गेली नाही. गावातील मुलांचा एखादा रॉक बँड प्रसिद्धीस आला की वृत्तपत्रे त्याच्या यशाची कथा उत्साहाने छापतात. वाद्ये, गायक, नर्तकी आणि नट यांचा मेळ घेऊन वर्षाचे सहा-सात महिने रोज नव्या गावी रात्र जागविणाऱ्या फडाचा मात्र इतिहास म्हणून विचार होत नाही. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ' या फडाची जडणघडण तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या उपेक्षेचे एक कारण अगदी साधे आहे. तमाशा कलावंत आडनावाच्या जागी गावाचे नाव लावतो. सातारकर, खेडकर, नारायणगावकर, इंदुरीकर ही नावे फलकावर वाचली की तो कलावंत कोठला हे प्रेक्षकाला कळते. निदान कळल्यासारखे वाटते. संगमनेरच्या या फडाच्या फलकावर सातारा आहे, खेड आहे, संगमनेर नाही. जिल्हावार नोंदी करणाऱ्या अभ्यासकाच्या हातून तो निसटला तर नवल नाही. वास्तविक संगमनेर तालुक्याचे तमाशाशी नाते या फडापेक्षा कितीतरी जुने आहे. पवळाबाई ही तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील ताबाजी भालेराव यांची कन्या, जन्म १८७० चा. ती 'पवळा हिवरगावकरीण' या नावाने महाराष्ट्राला माहीत झाली. तोवर तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून सामान्यतः पवळेचेच नाव घेतले जाते. शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या फडात ती होती. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी यांच्या सहवासाने त्या काळी मोठी खळबळ उडाली होती. वाङ्मयेतिहासात बापूरावांना मानाचे पान मिळाले. १९३९ साली निवर्तलेल्या पवळेच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी बापूरावांच्या चरित्रातील एक परिच्छेद आला. फडाच्या इतिहासात नाव कोणाचे आणि कोणत्या क्रमाने लागते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

कांताबाईंचा जन्म १९३९ चा, म्हणजे पवळेच्या निधनाच्याच वर्षीचा. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. दगडखाणीत काम करणारे त्यांचे आईवडील मजुरीसाठी गुजरातेत गेले होते आणि तेथे बडोदा जिल्ह्यात मुलीचा जन्म झाला. कुटुंब मूळ गावी, साताऱ्याला परतल्यावर लहान वयातच ती मेळ्यात नाचू लागली, पुढे तमाशात आली. घरात तमाशाची परंपरा नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे. नारायणगावच्या विठाबाईंना भाऊ-बापू मांग यांच्या फडाचा वारसा होता. कांताबाईंना फड, गुरुघराणे किंवा भांडवल यांपैकी काहीच लाभले नव्हते. त्यांच्या उदयाला 'अज्ञातातून' हा शब्द लागू पडतो तो या अर्थाने.

त्यांच्या उमेदवारीचा काळ तमाशाच्या दृष्टीने कठीण होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, पण संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. 'लोकनाट्य' हा शब्द फडांच्या नावात शिरला त्यामागे या काळातील प्रतिष्ठेची ओढ आहे. आजही फलकावर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात. एक सरकारसाठी आणि दुसरा प्रेक्षकांसाठी, असे थट्टेने म्हणता येईल. पण त्या थट्टेत बराच इतिहास आहे.

मुंबईत गिरणी कामगार हा तमाशाचा हुकमी प्रेक्षक होता. सातारा, पुणे, नगर, कोकण येथून आलेला हा माणूस लालबागच्या हनुमान थिएटरात आपल्या गावाकडची करमणूक शोधीत असे. १९५० च्या दशकात कांताबाई मुंबईस आल्या, दादू इंदुरीकरांच्या फडात काही काळ राहिल्या आणि दशकाच्या मध्यास तुकाराम खेडकर यांच्या फडात दाखल झाल्या. खेडकर हे नावाजलेले गायक-नट होते. पुढे ही दोघे पतिपत्नी झाली आणि वगातील त्यांची जोडी गाजू लागली. 'रायगडची राणी', 'महारथी कर्ण', 'पाच तोफांची सलामी', '१८५७ चा दरोडा' अशा ऐतिहासिक-पौराणिक वगांवर फडाचा भर होता.

येथे तमाशाच्या रचनेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. संगीत बारी आणि ढोलकी फड असे तमाशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. संगीत बारीत लावणी व अदाकारी हाच गाभा असतो. संगमनेरच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलाबबाई संगमनेरकर या त्या परंपरेतील. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी हे टप्पे ओलांडून रात्र वगावर येते आणि वग हा पूर्ण नाटकाएवढा असतो. या भेदाचा कांताबाईंच्या कारकिर्दीशी थेट संबंध आहे. लावणीवर उभी असलेली कारकीर्द वयाबरोबर उतरणीला लागते; वगावर उभी असलेली टिकते. त्या नाचल्या, गायल्या, परंतु त्यांचे नाव झाले ते वगातील अभिनयाने, आणि त्यातही पुरुषभूमिकांनी. छत्रपती शिवाजी महाराजांची त्यांनी केलेली भूमिका जुन्या प्रेक्षकांच्या विशेष स्मरणात राहिली. ज्या रंगमंचावर शतकापूर्वी पुरुष स्त्रीवेष घेत होता, तेथे तमासगीर म्हणून हिणवली जाणारी स्त्री राजाच्या वेषात उभी राहते आणि बाहेर तिला ओसरीवरही न बसविणारा प्रेक्षक खाली शांत बसून ऐकतो, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने नोंदविण्यासारखी गोष्ट आहे. तिचे मोल केवळ अभिनयाच्या अंगाने करून भागणार नाही.

१९६४ साली तुकाराम खेडकर यांचे निधन झाले आणि कांताबाईंना फड सोडावा लागला. पदरी लहान मुले होती. पतीच्या फडात तिचे श्रम होते, कीर्तीत वाटा होता. मालकीचा कागद नव्हता. तमाशाच्या अर्थव्यवस्थेत स्त्री ही फडाचे आकर्षण असली तरी फडमालक बहुधा पुरुषच, हे त्यातून स्पष्ट होते. काही वर्षे दुसऱ्यांच्या फडात काम केल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचा फड काढला. नाव दिले 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. दिवंगत पती मालकाच्या जागी आणि प्रत्यक्ष फड चालविणारी स्त्री 'सह' या शब्दानंतर. याचा अर्थ केवळ पतिनिष्ठा असा लावणे पुरेसे वाटत नाही. सुपारी देणाऱ्या यात्रा कमिटीला 'खेडकर' हे नाव माहीत होते. ते फलकावर ठेवणे म्हणजे हातून गेलेला वारसा नावाच्या रूपाने परत मिळविणे होते. निष्ठा आणि व्यवहार येथे एकाच ओळीत आले आहेत.

फड काढणे म्हणजे काय, याची कल्पना शहरी वाचकाला सहसा नसते. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. पावसाळ्यात फड बंद असतो, तरीही कलावंत बांधून ठेवण्यासाठी त्यांना उचल द्यावी लागते. ही उचल बहुधा सावकाराकडून घेतलेल्या कर्जातून येते. मोठ्या फडात नर्तकी, नट, वादक, तंबू उभारणारे, स्वयंपाकी, चालक मिळून शंभराच्या घरात माणसे असतात. मालमोटारी, कनाती, जनित्र, ध्वनियंत्रणा हा पसारा वेगळाच. हंगामाच्या पूर्वार्धात कनाती लावून तिकिटावर खेळ करायचे आणि गुढीपाडव्यापासून गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या, असा क्रम असतो. सुपाऱ्या ठरतात त्या नारायणगावी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तारखा पक्क्या करून जातात. नफा मिळाला तर तो चैत्रातच मिळतो. एखादी यात्रा अवकाळी पावसाने बुडाली की वर्षाचे गणित कोलमडते.

या व्यवसायासाठी संगमनेरचे ठिकाण किती सोयीचे होते, हे नकाशा पाहिला तरी ध्यानात येते. पुणे-नाशिक रस्त्यावर एकीकडे नारायणगाव, दुसरीकडे सिन्नर-नाशिक आणि पूर्वेला प्रवरेच्या कालव्याखालचा ऊसपट्टा. प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत या भागात सहकाराचे जाळे पसरले. गावांच्या हाती रोख पैसा आला, रस्ते झाले, वीज आली, यात्रा कमिट्यांच्या वर्गण्या वाढल्या. सहकाराच्या इतिहासात शाळा, दवाखाने, महाविद्यालये यांची गणना होते. त्याच पैशातून दिल्या गेलेल्या तमाशाच्या सुपाऱ्यांची नोंद मात्र कोणत्याही अहवालात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ढोलकी फडांचा १९७० नंतरचा विस्तार आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखरेचे अर्थकारण यांचा संबंध स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

पुढच्या पिढीत कांताबाईंचे चिरंजीव रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून पुढे आले, मुलीही फडात उभ्या राहिल्या. फलकावरील नाव बदलले : वडिलांच्या जागी मुलगा आला, 'सह' नंतर आई तीच राहिली. चित्रपटगीते, ड्रमसेट, इलेक्ट्रिक वाद्ये, रंगीत प्रकाशयोजना हे सारे तमाशाच्या बोर्डावर आले. जाणकारांनी याबद्दल नाराजी व्यक्त केली आहे आणि ती अगदी निराधार नाही. गवळण आखडली, वग तर कित्येकदा उरकला जातो. पण व्हिडिओ आणि दूरचित्रवाणीच्या काळात कनातीत माणूस आणायचा कसा, हा प्रश्न फडमालकापुढे रोज रात्री असतो, टीकाकारापुढे नसतो. मुंबईचा आधारही तुटत गेला : १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि १९९० च्या दशकात हनुमान थिएटरही बंद पडले. जे फड टिकले ते ग्रामीण यात्रांच्या बळावर. खेडकरांचा फड त्यांत अग्रभागी राहिला.

मान्यता आली ती उशिरा. विठाबाई नारायणगावकर २००२ साली निवर्तल्या. त्यांच्या नावाने राज्य शासनाने सुरू केलेल्या जीवनगौरव पुरस्काराच्या पहिल्या मानकरी कांताबाई ठरल्या. रघुवीर खेडकर तमाशा कलावंतांच्या संघटनेचे नेतृत्व करू लागले. फडांच्या अनुदानाचा, कर्जाचा आणि वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा प्रश्न त्यांनी वारंवार मांडला. यशस्वी म्हणून गणलेला फडही कर्जमुक्त नसतो, हे त्यांच्या मागण्यांवरून दिसते. तमाशातील यश म्हणजे पुढचा हंगाम काढता येण्याइतकी पत, एवढाच अर्थ पुष्कळदा उरतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली ती नेमकी पाडव्याच्या तोंडावर. उचली दिलेल्या होत्या, सुपाऱ्या रद्द झाल्या. २०२१ चा चैत्रही कोरडा गेला. त्याच वर्षी २५ मे रोजी संगमनेर येथे कांताबाईंचे कोरोनाने निधन झाले. २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत रघुवीर खेडकर यांना पद्मश्री मिळाली.

आता प्रश्न साधनांचा आहे. फडाच्या हिशेबाच्या वह्या, सुपारीचे करारनामे, जुनी हस्तपत्रके, वगांच्या हस्तलिखित वह्या, फलक हे सारे राहुटीबरोबर फिरते आणि पावसाळ्यात भिजते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांना ही साधने गोळा करणे शक्य आहे. पावसाळ्यात फड बंद असतो, कलावंत गावी असतात, आणि वयोवृद्ध ढोलकीवादकाजवळ बोलायला वेळ असतो. पहिले टिपण फलकांचे करावे. कोणत्या वर्षी 'सह' शब्दाच्या आधी कोणाचे नाव होते आणि नंतर कोणाचे, एवढे जरी सालवार नोंदविले, तरी फडाच्या मालकीचा बराचसा इतिहास हाती येईल.