अंगणातून भिंतीवर : चैत्रगौरीच्या कागदी आराशीविषयी

चैत्र शुद्ध तृतीयेला राजस्थानात गणगौरीची बोळवण होते आणि त्याच दिवशी आपल्या घरची गौर झोपाळ्यावर बसते. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चाललेले शेजारणींचे पूजन संपते, आणि आपल्याकडे देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घासूनपुसून पितळी पाळण्यात विराजमान होते, ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. पुण्या-सांगलीतच जन्म काढला असता तर हा योग आमच्या ध्यानी आलाही नसता. मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या शेजारणी गेली पन्नास वर्षे येत आल्या आहेत. पन्ह्याचा पेला हाती घेऊन त्या आरास न्याहाळतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : तुमच्या गौरीभोवती एवढा कागद कशासाठी? प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर देताना थोडा इतिहास धुंडाळावा लागतो.

प्रथमच सांगितले पाहिजे की ही कागदी आरास फार प्राचीन नव्हे. आपल्या मंडळींना जुने ते सारे पेशवाईतले मानण्याची हौस आहे. पण पेशवाईत गौरीपुढे रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लोंबत असतील, असे मानण्यास आधार नाही. चैत्रगौरीची मूळ शोभा ऋतूनेच पुरविलेली आहे. आंब्याचे डहाळे, कैऱ्यांचे घोस, मोगऱ्याच्या माळा, कमळासारखे कातरलेले कलिंगड, भिजवलेले हरभरे आणि अंगणात सडा घालून काढलेले चैत्रांगण, एवढ्यावर ती पूर्ण होई. कागद त्या काळी दप्तराची आणि पोथीची वस्तू होती. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरास चिंध्यांचा लगदा करून, चौकटीवर एकेक ताव उचलून, खळ देऊन आणि गुळगुळीत दगडाने घोटून कागद तयार होत असे. ज्या तावामागे इतके श्रम, त्याला फुले करण्यासाठी कात्री लावण्याचे धाडस कोण करणार? शाळेत आपण ज्याला ‘घोटीव कागद’ म्हणतो त्या नावात मात्र ही घोटण्याची क्रिया अजून टिकून आहे, जरी त्या कागदाची झिलई यंत्राची असली तरी.

कागद कात्रीखाली आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५६ मध्ये इंग्लंडात विल्यम पर्किन या तरुण रसायनज्ञाच्या हाती कृत्रिम जांभळा रंग लागला आणि पुढील काही दशकांत गुलाबी, हिरवे, निळे असे भडक आणि स्वस्त रंग बाजारात आले. इकडे बंगालमध्ये कागदगिरण्या उभ्या राहिल्या. टिटागढची कंपनी १८८२ मधली. गिरणीचा कागद हातकागदापुढे टिकाऊपणात उणा, पण किमतीने हलका होता. याच सुमारास मुलींच्या शाळा आणि शिक्षिकांचे ट्रेनिंग कॉलेज हळूहळू वाढत होते. फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीत जी बालशिक्षणाची पद्धती सुरू केली, तीत कागदाच्या घड्या घालणे, कातरणे, विणणे यांना मोठे स्थान होते. ती पद्धती फिरत फिरत आपल्या शाळांतून ‘हस्तव्यवसाय’ म्हणून आली. शाळेत शिकलेले कातरकाम मुलीबरोबर सासरी गेले आणि तेथे त्याला चैत्रगौरीची पायऱ्यांची आरास आयती सापडली. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, पतंगाचा ताव, सोनेरी बेगड आणि एक बरी कात्री, एवढ्या सामग्रीवर साखळ्या, पताका, जाळ्या, कमळे आणि पोपट निर्माण झाले. म्हणजे आजी ज्याला ‘आमच्या आईची रीत’ म्हणते, त्यात जुन्नरचा वाटा थोडा आणि जर्मनीचा बराच आहे. त्याने रीत कमी मराठी ठरते असे आम्हांस वाटत नाही.

घर सोडून दूर आलेल्या कुटुंबांत मात्र कागदाला आणखी एक काम पडले. रेल्वेच्या आणि सरकारी क्वार्टरांतून, पुढे वरच्या मजल्यांवरच्या ब्लॉकांतून, अंगणच उरले नाही. चैत्रांगण आधी पाटावर आले, मग कागदावर. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी उदबत्तीने भोके पाडलेला कागद पूर्वीपासून घरोघर असे. परंतु चैत्रांगणाला तो उपयोगी पडत नाही, कारण ते ठिपक्यांचे नसते. मधोमध झोपाळ्यातली गौर, वर आंब्याचे तोरण, भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कामधेनू, कासव, नाग, हत्ती, मोर, केळीचे खांब, नारळ, फणी, आरसा, करंडा, कोयरी, गोपद्मे हे सारे स्मरणाने, मोकळ्या हाताने काढायचे. चिन्हे किती, याविषयी घरोघर मतभेद आहेत. कुणी एक्कावन्न म्हणते, कुणी चौसष्ट. आमच्याकडील गणगौरीतही असेच स्थलांतर दिसते : कुंकू, मेंदी आणि काजळ यांच्या सोळा-सोळा टिकल्या भिंतीवर देण्याची जी रीत, ती आता पुष्कळ घरांत भिंतीला डकवलेल्या पांढऱ्या कागदावर पाळली जाते.

मंडळाच्या सभागृहात चैत्रांगण भिंतीवर जाण्याचे कारण अंगणाचा अभाव हे नव्हते. फरशी भरपूर होती. कारण होते गुडघे. ज्यांना चैत्रांगण येत होते त्यांना उकिडवे बसता येत नव्हते, आणि ज्यांना बसता येत होते त्यांना ते येत नव्हते. त्यामुळे आरंभीची काही वर्षे आज्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर मानाने बसत आणि सुना फरशीवर पुस्तकातली वेलबुट्टी काढीत. पुढे कोणीतरी जेवणाची दोन टेबले जोडून त्यांवर सांगानेरी हातकागदाचे ताव चिकटवून पसरले. सांगानेरच्या कागजी घराण्यांचा हा कागद जाड, खरबरीत आणि गेरू-चुना पिणारा असतो. खुर्चीवर बसून, कोपर टेबलावर टेकून, थरथरत्या हातालाही त्यावर रेघ ओढता येते. तीन दिवसांत चित्र पुरे झाले आणि भिंतीवर चढले. कोकणातल्या आजींनी कासव मोठे काढले, वऱ्हाडातल्या आजींना ते रुचले नाही, आणि गौरीचे तोंड कोणीकडे असावे यावर दुपारभर जो वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. तेव्हापासून टेबल हीच चैत्रांगणाची जागा झाली.

भिंतीवरचे चित्र कागदावर उतरविण्यात वडीलधाऱ्या स्त्रियांचा वाटा किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण याहून मोठ्या पटावर घडलेले आहे, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीकडे पाठविले. मिथिलेत लग्नघराच्या भिंतींवर स्त्रिया कोहबर लिहीत. ‘लिहीत’ हा त्यांचाच शब्द. कुलकर्ण्यांनी त्यांच्या हाती कागद दिला, म्हणजे चित्र विकता येईल आणि चूल पेटेल. जितवारपूरच्या जगदंबादेवी तेव्हा साठी उलटलेल्या होत्या. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच गावच्या सीतादेवींना १९८१ मध्ये तो सन्मान लाभला. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत कुलकर्णी डहाणूकडे वळले आणि वारली सवाशिणी लग्नात भिंतीवर जो तांदळाच्या पिठाचा चौक काढीत, त्याची आकृतीही कागदावर आली. तेथे नाव झाले ते मात्र एका पुरुषाचे, जिव्या सोमा मशे यांचे. त्यांची योग्यता निःसंशय मोठी. पण चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत, हेही नोंदविले पाहिजे.

असो. कागदाने जे वाचविले तेच छापखान्याने कसे पुसले, हे आपल्याच श्रावणात दिसते. जिवती पूर्वी गंधाने भिंतीवर काढीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि देवादिकांची छापील चित्रे घरोघर पोहोचली. जिवतीचाही छापील कागद निघाला. तो स्वस्त, सुबक आणि सर्वत्र सारखा असल्याने हाताने जिवती काढणे बहुतेक घरांतून मागे पडले. चैत्रगौरीला असा सर्वमान्य छापील कागद लाभला नाही, म्हणून तिच्या चिन्हांत अजून कोकण, वऱ्हाड आणि ग्वाल्हेर वेगवेगळे ओळखू येतात.

काही वर्षांपूर्वी मंडळात सूचना आली होती की उत्तम चैत्रांगण एकदाच फ्लेक्सवर छापून घ्यावे, म्हणजे दरवर्षीचा खटाटोप वाचेल. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि हिशेबही बिनचूक होता. त्यावर एका वयोवृद्ध बाईंनी एवढेच विचारले की कोणाचे छापणार? कासव मोठे की लहान, याचाच निकाल लागलेला नसल्याने ठराव तहकूब झाला, तो आजतागायत तहकूब आहे.

कागदाला वाळवी आणि कसर या दोन वैऱ्यांचे भय असते. आरंभीच्या ताव्यांपैकी थोडेच उरले आहेत. ते कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून कपाटात ठेवलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे चित्र काढणाऱ्यांची नावे व गावे पेन्सिलीने लिहिली आहेत. ती अक्षरे वाचली की कोणत्या वर्षी कोण गेले, हेही कळते. सुवर्णमहोत्सवी चैत्रासाठी आठ ताव जोडून झाले आहेत. गेरू भिजत घातला आहे. मधली गौर आजवर ज्या काढीत आल्या त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्या शेजारी बसून सांगणार आणि नववीत शिकणारी त्यांची नात रेघ ओढणार, असे ठरते आहे. कासवाचे मात्र अजून ठरलेले नाही.