मुखावाटे जलपूर्ती : एका उपचाराचा पूर्वेतिहास

वांती व अतिसार झालेल्या बालकास तोंडाने पाणी देणे व्यर्थ होय, कारण दिलेले ते ओकून टाकते, असा समज घरोघरी दीर्घकाळ रूढ होता. आतड्यास विश्रांती द्यावी, असे वैद्यकीय मतही त्यास पोषक ठरे. हा समज कसा ढळला, हे पाहणे उद्बोधक आहे.

पटकीच्या रोग्याच्या रक्तातील जल व क्षार घटतात, हे ओशॉनेसी याने रक्ताच्या पृथक्करणाने दाखविले. त्यावरून १८३२ साली लीथ येथे टॉमस लॅटा याने शिरेवाटे क्षारजल दिले. ही पद्धती पुढे मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स याने तिला पुन्हा चालना दिली. तथापि शिरेचा मार्ग निर्जंतुक द्राव व निष्णात हात यांवर अवलंबून होता. खेड्यातील बालकास ही दोन्ही दुर्लभ होती.

१९५३ साली हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी औषधाने वांती आवरून सौम्य पटकीच्या रोग्यांस शर्करायुक्त क्षारजल तोंडाने दिल्याचे वृत्त 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. परंतु जलाच्या आयव्ययाचे मोजमाप त्यात नसल्याने त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. शर्करेसमवेत सोडियम आतड्यात शोषले जाते, ही उपपत्ती रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीतही ही क्रिया अबाधित राहते. तिच्या बळावर शिरेवाटे द्यावयाच्या द्रावाची गरज पुष्कळच घटते, हे नलिन व कॅश यांनी १९६८ साली डाक्क्यास सिद्ध केले.

१९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांत पटकी उसळली व शिरेवाटे देण्याचा द्राव अपुरा पडू लागला. तेव्हा दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाचा द्राव रोग्यांच्या आप्तांकरवीच पाजविला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

वांतीची मूळ शंकाही अनुभवाने फिटली. ओकारी झाल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर द्राव दिल्यास बहुतेक बालकांत पुरेसा अंश पोटात टिकतो. ग्लानी आलेल्या, पिऊ न शकणाऱ्या वा अति शुष्क झालेल्या बालकास मात्र तातडीने रुग्णालयातच न्यावयास हवे. २००२ साली द्रावातील सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण घटविण्यात आले, तेव्हा वांतीचे प्रमाणही काहीसे कमी झाल्याचे आढळले.

सारांश, या उपचारास लागणारी द्रव्ये नवी नव्हती; त्यांच्या योगाचे कारण प्रयोगशाळेने दिले आणि त्याचा विश्वास निर्वासितांच्या छावणीने दिला. वैद्याच्या हातची सुई मातेच्या हातचा चमचा झाली, हेच या इतिहासाचे मर्म होय.