वणवा कोणाचा, पंचनामा कोणाचा?

मंडळी, परवा रात्री नाटे गावच्या सड्यावर लाल रेघ दिसली आणि पोरं ओले टहाळे घेऊन धावली. सगळ्यात पुढे होता बागेचा नेपाळी राखणदार. मालक मुंबईला. पहाटे वणवा विझला. सकाळी जळकी कलमं मोजली गेली. राखणदाराची झोपडी, अंथरूण-पांघरूण जळालं, ते कोणी मोजलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "त्याचं नाव सातबारावर कुठाय?"

हा सवाल जुना आहे.

आपल्या आज्या-पणज्या वरकसात नाचणी, वरी करायच्या. त्याआधी राब भाजायचा. शेण, पातेरा, टहाळ पसरायचा, कडेचं गवत काढायचं, वारा बघायचा, मगच काडी. आग लावणारं कूळ शेवटची ठिणगी विझेपर्यंत तिथेच उभं असायचं. पीक आलं की खोताचा वाटा. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, पण खोती गेली 1949 च्या कायद्याने. नंतर 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. कागदावर कूळ म्हणून नाव लागलेले मालक झाले. तोंडी कसणारे तसेच राहिले.

मग माणसं गिरणीत गेली, नाचणी थांबली, वरकसात गवत माजलं. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या, त्याच गवताला लागून कलमं नि काजू उभे राहिले. आज एकेका सातबारावर वीस-पंचवीस नावं, गवत कापायला त्यातलं एकही नाही! आणि वणवा पेटला की पहिला संशय गुराख्यावर. (विजेच्या तारांतून पडणाऱ्या ठिणग्यांचं नाव कोणी घेत नाही.)

1927 च्या वन कायद्याचं कलम 79 बघा. राखीव किंवा संरक्षित जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्याने आग विझवायला धावलंच पाहिजे. म्हणजे गुरं चारणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी. आपला सडा बहुतेक खासगी, तिथे गवत माजू देणाऱ्या मालकाला कोण विचारतो? आंब्याचा हवामानावर आधारित विमाही पाऊस, तापमान, वारा, गारपीट बघतो. वणवा त्यात बसत नाही.

येत्या ग्रामसभेत मी दोनच गोष्टी मांडणार आहे. पाऊस सरला की जाळरेषा काढायची, मजुरी गैरहजर मालकांकडून घ्यायची. आणि पंचनाम्यात झोपडीसाठी एक ओळ. कोण कोण येणार, खाली लिहा. मुंबईकरांनीसुद्धा.